फर्माईशीतलं शेवटचं नाव

नव्वदच्या दशकातली पॉप गाणी कुठे लागली की माझ्या वयाच्या बायका एकदम खुलतात. रिक्षात असोत की कुणाच्या साखरपुड्यात, "अगं, हे आपलं गाणं!" म्हणून एकमेकींचा दंड धरतात. मीही हसते, मान डोलावते आणि पहिली संधी मिळताच पाणी पिण्याच्या निमित्ताने तिथून उठते. गाण्यांचा काही दोष नाही, गाणी झकास होती. पण रेडिओवर गाण्याच्या आधी काहीतरी बोललं जायचं ना, ते मला अजून ऐकू येतं, आणि कान गरम होतात.

आम्ही तेव्हा वाशीला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या वन रूम किचनमध्ये. बाबा बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. सोसायटीत कोणी दादरहून आलेलं, कोणी चिपळूणचं, कोणी साताऱ्याचं. नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न, "तुम्ही मूळचे कुठले?" सगळे मोठ्या कौतुकाने आपापलं गाव सांगायचे. आमचं गाव जासईच्या जवळ, बसने तासाभराच्या आत. म्हणजे सगळ्या बिल्डिंगीत मूळचे इथले फक्त आम्ही, आणि ते सांगायची लाजही फक्त आम्हालाच. आम्हालाच कशाला म्हणू, मला. आईबाबांना असली लाज नव्हती. आई तर मासेवाली आली की जिन्यातून हाका मारायची, "मावरं आलंय गो, घ्यायचं हाय काय?" आणि मी दार लावून घ्यायचे.

शाळेत मी 'उरणकडचे' एवढंच सांगितलं होतं. उरणला समुद्र आहे, नेव्ही आहे, त्यामुळे ते जरा बरं वाटायचं. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असा माझा दोन तोंडांचा कारभार चालू होता. शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की माझा 'ण' जागेवर यायचा आणि 'ळ' सुधारायचा. या कामात माझा गुरू कोण, तर रेडिओ.

आमच्याकडे टू-इन-वन होता. त्याचं एरियल अर्धं तुटलेलं, म्हणून एक वायर जोडून ती खिडकीच्या ग्रीलला गुंडाळलेली. एफएम नुकतंच सगळ्यांना माहीत व्हायला लागलं होतं. संध्याकाळी त्यावर पॉप गाण्यांचा कार्यक्रम असायचा, इंग्लिश जास्त, मधूनमधून हिंदी पॉप, आणि गाण्यांच्या मधे फोन. मुलं-मुली फोन करायची, अमुक गाणं तमुक मैत्रिणीला डेडिकेट करायची. कार्यक्रम करणारी मुलगी इतकं भरभर आणि हसत हसत बोलायची की ती कधी श्वास घेते हे मी शोधत बसायचे. गाण्यांतलं इंग्लिश मला चार आणे कळायचं. त्याने काही अडत नव्हतं. ढोलाचा ठेका सुरू झाला की माझी बोटं ग्रीलवर ठेका धरायची. मी ग्रीलला डोकं टेकून उभी राहायचे, समोरच्या बिल्डिंगीत दिवे लागायचे आणि मला वाटायचं, ही गाणी जिथे बनतात तिथली मी आहे, इथे चुकून आलेय. वयच तसं होतं म्हणा. पण सगळ्याच गोष्टी वयावर ढकलता येत नाहीत.

एकदा बाबा ऑफिसातून लवकर आले होते. शर्टाची बटणं काढत दारात थांबले आणि ऐकू लागले. कोणी नेरूळची मुलगी आपल्या चार मैत्रिणींना गाणं डेडिकेट करत होती. बाबा हसायला लागले. म्हणाले, "ही पोरगी तं आपल्या हलदीतल्या माइकवाल्याचंच काम करते की! ही तं फर्माईश हाय!"

मला असा राग आला! माझ्या रेडिओची बरोबरी हळदीतल्या बेंजो पार्टीशी! पण बाबांचं तसं चुकलं नव्हतं. आमच्या आगरी गावांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळद असते, बेंजो पार्टी येते, आणि नाचायचं तर आधी फर्माईश लागते. गाणं कोणाकोणाकडून आहे त्यांची नावं कोणीतरी माइकवाल्याच्या कानाला लागून सांगतो आणि माइकवाला 'फर्माईश करनार...' म्हणून ती गावाला ऐकवतो. या नावांचा एक क्रम असतो. लहानापासून सुरुवात करायची. पोरंटोरं, मग भाचे-पुतणे, मग आत्या, मामा, असं वर वर जायचं आणि ज्याचा मान सगळ्यात मोठा त्याचं नाव शेवटी. शेवटचं नाव पडलं की बेंजो सुरू, आणि ज्याच्या नावावर गाणं सुरू झालं त्याने उठून पहिला हात वर करायचा. आणखी एक आहे. भांडण झालेल्याचं नाव माइकवर शेवटी घेतलं तर तो रुसवा संपला. त्याने उठलंच पाहिजे. नाही उठला तर हलका तो ठरतो, नाव घेणारा नाही. आमच्या भावकीत कित्येक भांडणं अशी बेंजोच्या ठेक्यावर मिटली आहेत.

आणि आमच्या घरात एक भांडण मिटायचं होतं. बाबांचे थोरले भाऊ, माझे काका, बाबा त्यांना दादूस म्हणायचे. गावचं घर दोघांचं. अंगणाच्या मधोमध भिंत घालायची की नाही यावरून दोघांचं वाजलं आणि रागाच्या भरात बाबा चार माणसांत बोलून बसले, "माज्या घरात लगीन निंगलं तं तुना बोलवनार नाय!" दुसऱ्या दिवशी आम्ही सामान टेम्पोत घालून वाशीला आलो. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद. बायकांचं मात्र चालू होतं. काकी कोणाच्याही हाती सुका जवळा पाठवायची, आई तिला गजरे पाठवायची, आणि दोघे भाऊ तोच जवळा आपापल्या घरी खाऊन गप्प बसायचे.

आता ताईचं लग्न ठरलं होतं. मांडव गावातच पडणार होता आणि थोरला भाऊ नाही तर मांडवात उभं कोण राहणार? हळद कोणाच्या हाताने लागणार? भावकीतले लोक तर त्यांच्याकडे बघूनच पाऊल उचलणार. बाबा आमंत्रणाचा नारळ घेऊन गावी एकदा जाऊनही आले. काका मागच्या दाराने बांधावर निघून गेले. बाबा नारळ घेऊन परत आले आणि तो बरेच दिवस फ्रिजवर पडून होता. ताई रात्री पाठ फिरवून झोपायची. तिच्या सासरच्यांनी एकदा विचारलंही होतं, "काका दिसत नाहीत कुठे?" आईने चटकन चहा पुढे केला.

माझा वाढदिवस आला. मी आठवीत होते. संध्याकाळी मी नेहमीसारखी टू-इन-वनपाशी उभी, तर आई आणि ताईही येऊन बसल्या. आईने गॅस बंद केला होता. ही बाई कधी रेडिओपाशी बसत नाही, आज हिला काय झालं, असं माझ्या मनात आलं. पण वाढदिवस म्हणून सगळे लाड चाललेत असं वाटून मी आवाज थोडा वाढवला.

दोन गाणी झाली. मग फोन.

"हाय हाय हाय! कौन है लाइन पे?"

"मय... मय बेलापूर से बोलताय. लाइन लागली काय?"

माझे बाबा होते. साहेब गेल्यावर ऑफिसच्या फोनवर रीडायलचं बटण दाबत बसले होते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र मला एवढंच कळलं की माझ्या रेडिओमधून बाबा बोलताहेत. आई तोंडावर पदर धरून हसत होती. ताईने माझा हात धरला.

"लागली, लागली!" रेडिओतली मुलगी खिदळली. "किसके लिए गाना चाहिए, अंकल?"

"माज्या पोरीसाटी. आज तिचा हॅपी बर्थडे हाय." आणि बाबांनी माझं नाव सांगितलं. आडनावासकट. मग शाळेचं नाव, सेक्टर आणि "आठवी ब" हेही सांगितलं. पत्ता चुकून दुसऱ्या कोणाच्या घरी गाणं जाऊ नये अशी काळजी घेतली त्यांनी.

"सो स्वीट! कौनसा गाना?"

"कंचाबी लाव. इंग्लिश पायजे. तिना आवरतं." 'आवडतं', मी मनातल्या मनात सुधारलं.

"ओके! और ये किस-किस की तरफ से है?"

बस. तिने हे विचारायला नको होतं. ती बिचारी सगळ्यांनाच विचारायची, लोक 'मम्मी-पापा की तरफ से' म्हणून मोकळे व्हायचे. पण किसकी तरफ से, हे आमच्याकडे सहज विचारायचं वाक्य नाही. बाबांनी घसा खाकरला. त्यांचा आवाजच बदलला, माइकवरचा झाला, आणि ते म्हणाले, "फर्माईश करनार..."

मग नावं सुरू झाली. ती मी इथे लिहीत नाही, रेडिओवरून एकदा गेलीत तेवढी पुरे. काकांचा सगळ्यात धाकटा पोरगा. मग मोठ्या आत्याची दोन पोरं. मग पुतणे, त्यांच्या बायका, "चिरनेरची आमची भयीन", तिचे यजमान, गव्हाणचे मामा. प्रत्येक नावापुढे गाव. बाबा थांबत नव्हते, घाईही करत नव्हते. रेडिओतली मुलगी सुरुवातीला "वाव", "अच्छा अच्छा" करत होती, मग तिला हसू आवरेना. तिच्या हसण्यावर बाबांची नावं पडत होती, एकामागून एक, वर वर जाणारी. मी ताईचा हात सोडून रेडिओकडे धावले. आवाज बंद करायला. बंद केल्याने इतरांच्या घरातला रेडिओ बंद होत नाही हे कळायची अक्कल होती, तरी धावले. आईने माझा हात बटणावरून काढला. "आयक ना," ती म्हणाली, "आता दादूसचं नाव येल."

"अंकल, अंकल, अंकल!" ती मुलगी म्हणाली. "पूरा गाँव बुलाओगे क्या? चलो, बर्थडे गर्ल के लिए, अंकल के पूरे गाँव की तरफ से...!" आणि धाडकन गाणं सुरू झालं. ढोल, गिटार, सगळं.

आईचा चेहरा उतरला. ताई उठून आत गेली. काकांचं नाव राहिलं होतं. आईने काकीला आठवडाभर आधी निरोप धाडला होता की अमक्या दिवशी संध्याकाळी रेडिओ लावा, सगळ्यांना बसवा. गावात आख्खी भावकी ओट्यावर बसलेली असणार. सगळ्यांची नावं आली आणि ज्याच्यासाठी हा उपद्व्याप केला त्याचंच नाव नाही.

मला यातलं काहीही दिसत नव्हतं. मला फक्त आठवी ब दिसत होती.

बाबा घरी आले ते पाय ओढत. "कापली तिनं," एवढंच म्हणाले. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना वाटलं, काकांचं राहिलं म्हणून मीही नाराज आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी डोकं बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून बघितलं, आईने चालू दिलं नाही. वर्गात पाऊल टाकलं तर मागच्या बाकावरून आलंच, "फर्माईश करनार...!" अर्धा वर्ग हसला. माझी जिवलग मैत्रीण, आमच्याच बिल्डिंगीतली, पुण्याहून आलेली, फार सभ्य. ती म्हणाली, "तुझे बाबा किती क्यूट आहेत गं." ते जास्त लागलं. मधल्या सुट्टीपर्यंत जो तो माझ्या नातेवाइकांची नावं घेत फिरत होता, तीसुद्धा चुकीच्या क्रमाने आणि भलत्याच हेलात.

आणि मग मी जे केलं ते मला कोणी करायला लावलं नव्हतं. मी बाकावर चढले. म्हटलं, "थांबा. असं नसतं ते." घसा खाकरला, बाबांसारखा, आणि सुरू केलं. "फर्माईश करनार..." हुबेहूब. का येणार नाही? माझीच बोली ती, घरात दुसरं काय बोलत होते मी? वर्ग पोट धरून हसायला लागला. आजवर मला कोणी एवढं बघितलं नव्हतं. मी नावं वर वर नेली, आत्या, मामा. शेवटच्या नावाशी आले. तिथे कोणाचं नाव असतं, ते किती मोठं असतं, हे त्या वर्गात फक्त मला माहीत होतं. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आनी शेवटी... आमची म्हस!"

काय हशा पडला म्हणून सांगू. मुलं बाकं बडवत होती. पुढे रोज मधल्या सुट्टीत मागणी यायची, "म्हस कर ना, म्हस!" दुसऱ्या तुकडीतली पोरंही यायची. मी लोकप्रिय झाले. उरणकडची आहे की कुठली, हे विचारायचं सगळे विसरले. लाजेतून सुटायचा सोपा मार्ग मला सापडला होता, लाज बाबांच्या अंगावर टाकायची आणि आपण हसणाऱ्यांत जाऊन उभं राहायचं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी दाराची बेल वाजली. मी उघडलं, तर काका. तीन जिने चढून धापा टाकत, हातात नारळ. मागे काकी, डोळे पुसत. बाबा लुंगीवरच बाहेर आले आणि जागीच थांबले.

काका म्हणाले, "शेवटचा मीच ना रं?"

"तुज्याशिवाय कोन?" बाबा दोन पावलं पुढे आले. "तिनं कापली, दादूस. तुजं नाव तोंडात व्हतं."

"मना म्हाईत नाय? खालून वर सगले झाले, उरला कोन? गानं सुरू झालं तवाच बोल्लो, ह्ये माज्या नावावर हाय."

मग काकीने सांगितलं. त्या संध्याकाळी सगळे ओट्यावर, रेडिओ मधे, आणि हे रेडिओकडे पाठ करून तंबाखू मळत बसलेले. एकेक नाव येत होतं तसतशी यांचं मळणं थांबत गेलं. मामांचं नाव झालं, आणि गाणं लागलं. इंग्लिश. कोणाला काही कळेना. सगळे यांच्याकडे बघायला लागले. यांनी हात झटकले, ओट्यावरून अंगणात उतरले आणि दोन्ही हात वर केले. "गानं संपस्तवर नाचलं," काकी म्हणाली, "याक अक्षर कललं नाय, पन नाचलं."

बाबा ढसाढसा रडले. मी बाबांना रडताना पहिल्यांदा बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. रेडिओ आपल्यालाच कळतो म्हणून मिरवणारी मी, मला त्या कार्यक्रमात फक्त बाबांचे उच्चार ऐकू आले होते. आणि काकांनी, ज्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, न घेतलेलं नाव ऐकलं होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. कारण त्यांच्या त्या जागेवर मी काय ठेवलं होतं ते मला माहीत होतं.

काकांनी मला जवळ बोलावलं. "शालेतल्यांनी बी आयकलं आसल ना? काय बोलली पोरं?"

बाबांनी डोळे पुसून माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं.

"सगळ्यांना खूप आवडलं," मी म्हणाले. आणि हे खोटंही नव्हतं.

बाबा इतके खूश झाले, इतके खूश झाले, की म्हणाले, "मंग सगल्या मैत्रिनींना हलदीला बोलव!" मी सबबी सांगितल्या. परीक्षा आहे, त्यांना गावात जमणार नाही, घरचे सोडणार नाहीत. बाबांनी ऐकलं नाही. जिन्यात पुण्याच्या मैत्रिणीला गाठून स्वतः आमंत्रण दिलं, वर तिच्या बाबांनाही सांगितलं की मी गाडी पाठवतो, काळजी नको.

हळदीला त्या आल्या. छान कपडे करून, सात-आठ जणी. ऊन नुकतंच उतरलं होतं, मांडवात खुर्च्या लागत होत्या, बेंजोवाले वाद्यं लावून बघत होते. काका पांढऱ्या कपड्यांत मांडवाच्या तोंडाशी उभे, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत. ताई आतून डोकावून त्यांना बघत होती, हसत होती. तिच्या सासरचे आले तेव्हा काकांनी व्याह्यांना मिठी मारली. जे व्हायला हवं होतं ते सगळं झालं होतं. मी मैत्रिणींना मांडवाच्या एका कोपऱ्यात दाबून बसवलं आणि सरबताचे ग्लास देत राहिले. तोंडात काही असलं की त्या बोलणार नाहीत अशी माझी युक्ती.

बाबा तिथे आले. "जेवल्याशिवाय जायाचं नाय हां पोरींनो!"

"काका," पुण्याची मैत्रीण म्हणाली, अगदी भाबडेपणाने, "ही तुमची नक्कल इतकी भारी करते! रेडिओची!"

"माजी?" बाबांना हसू फुटलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आनंदाने, की हे सगळ्यांनी ऐकलं ना. "मंग कर ना! दादूस, आयकलंस का? पोर माजी नक्कल करते! ये, माइकवर कर!"

माझ्या हातात माइक आला. मी नको नको म्हणत होते आणि लोकांना तो लाजरेपणा वाटत होता. काका पुढे येऊन उभे राहिले, छाती काढून. बेंजोवाल्याने बोटं तयार ठेवली. मी घसा खाकरला, पण बाबांचा आवाज काही केल्या निघेना. माझा शाळेतला आवाजही निघेना. कुठल्याच नसलेल्या आवाजात मी म्हणाले, "फर्माईश करनार..." आणि नावं घ्यायला लागले. काकांचा धाकटा पोरगा. आत्याची पोरं. ज्यांची नावं घेत होते ती सगळी माणसं समोर होती, प्रत्येक नावाला त्या त्या जागी टाळ्या पडत होत्या. चिरनेरची आत्या. तिने तर माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. गव्हाणचे मामा.

शेवटच्या जागेवर मी काकांचं नाव घेतलं. पूर्ण, मानासकट.

बेंजो सुरू व्हायच्या आधीच्या तेवढ्याशा फटीत कोपऱ्यातून माझ्या मैत्रिणी एकसुरात ओरडल्या, "म्हस! म्हस राहिली!"

काकांचे हात वर गेले होते. ते तसेच ठेवून त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं आणि हसत मोठ्याने म्हणाले, "म्हस कवाच इकली, पोरींनो!" सगळा मांडव हसला. बेंजो वाजायला लागला आणि काका नाचायला लागले.

बाबाही हसत होते. त्यांनी मैत्रिणींकडे बघितलं, त्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. मग काकांकडे बघितलं. मग माझ्याकडे. बाबा वाशीत राहत होते, साहेबलोकांच्या गाडीत पुढे बसून मागचं बोलणं ऐकत आले होते. कोण कशाला हसतं हे त्यांना गावातल्या कोणाहीपेक्षा चांगलं कळायचं. त्यांचं हसू एकदम नाही गेलं. हळूहळू गेलं. त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला, बेंजोवाल्याला दिला आणि काकांच्या बाजूला जाऊन नाचायला लागले.

लग्न थाटात झालं. काकांनी सगळं अंगावर घेतलं, भिंतीचा विषय कायमचा संपला, ताई सुखाने नांदली. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. पुढच्या वाढदिवसाला फ्रॉक आणला, केक आणला.

फक्त माझ्या मैत्रिणी घरी आल्या की बाबा "या, बसा" म्हणायचे, चप्पल घालायचे आणि खाली जायचे. सोसायटीच्या गेटशी वॉचमनच्या स्टुलावर बसून राहायचे. वर गाणी चालू असायची, आम्ही नाचायचो. मैत्रिणी गेल्या की वर यायचे. दहावीपर्यंत हे असंच चाललं. मी त्यांना एकदाही म्हटलं नाही की बाबा, बसा ना, कशाला जाता. खरं सांगते, ते गेले की मला सुटल्यासारखं वाटायचं.